पाच व्होल्ट, उणे एकतीस

खोलीत सगळं ठीक होतं, हीच तर पंचाईत.
टेबलावर, बावीस अंशांत, दिव्याखाली
पाच व्होल्टची रेघ इतकी शहाणी
की हिल्का म्हणाली, "दवाखान्यात आलं की
दुखायचं थांबतं, तसला पेशंट आहे हा."

आणि बाहेर, कुंपणापलीकडच्या पेटीत,
आभाळाची खसखस टिपणारं आमचं यंत्र
मध्यरात्र उलटली की शीळ घालायचं.

ती शीळ मी अकरा रात्री ऐकली होती.
वहीत वेळ घालून लिहिली होती:
दोन चौदा, बारीक, चढती.
तीन चाळीस, पुन्हा, या वेळी लांब.
सोदान्क्युलाला येऊन मला सहाच आठवडे झालेले,
मला वाटलं, हाच तो हिरव्या उजेडाचा आवाज.
तुर्कूला आईला फोनवर ऐकवलासुद्धा.
ती म्हणाली, "एतू, किटली ठेवलीयस का रे गॅसवर?"
हिला काय कळतंय, असं वाटलं होतं.

हिल्काने वही वाचली. हसली नाही.
शेजारी पाऱ्याची नोंद मांडली
आणि पेन्सिलने माझ्या अकराही रात्रींना
एकेक बारीक टिंब दिलं.
सगळ्या उणे सव्वीसच्या खालच्या.

मग ऑसिलोस्कोप स्लेजवर बांधून
मांडीभर बर्फातून ओढत नेला.
पेटी उघडली. प्रोब लावला.
पडद्यावर काटेच काटे, साळिंदर उभं राहावं तसे.
"एकशे ऐंशी मिलिव्होल्ट! सापडलं!"
"अर्थची वायर बघ तुझी," ती म्हणाली,
"वीतभर. अँटेना धरून उभा आहेस.
हे रेग्युलेटरचं नाही, तुझं मोजमाप चाललंय."
तिने वायर काढली, नखाएवढी स्प्रिंग बसवली,
कपॅसिटरच्या अगदी पायाशी टेकवली.
साळिंदर गेलं.

उरली एक लाट.
गुळगुळीत, सावकाश, चाळीस मिलिव्होल्टची,
आणि हेडफोनमध्ये तिच्याच तालावर
माझी शीळ.

काही बोलायला नको होतं, ती बोललीही नाही.
मिटन दातांत धरून तिने
कपॅसिटरच्या डोक्यावर उघडा अंगठा ठेवला.
मिनिटभर. दीड मिनिट.
लाट बसत गेली, शीळ खाली उतरत विझली.
अंगठा उचलला,
हळूहळू परत आली.
आतला रस गारठून घट्ट झाला होता, एवढंच.
साठवायचं ते साठवेना, लूपला तोल सापडेना,
थोडं जास्त, थोडं कमी, थोडं जास्त,
रात्रभर तेच.

दुसऱ्या दिवशी मी सिरॅमिक लावले, भारीतले, सहा.
थंडीला न भिणारे.
लाट दुप्पट झाली.
हिल्काने सॅमनचं सूप संपवलं, वाडगा विसळला,
डब्यातून अर्ध्या ओहमचा रेझिस्टर काढला,
ज्वारीच्या दाण्याहून लहान.
तिला ज्वारी ठाऊक नाही, ही उपमा माझीही नाही,
लिहून घेणाऱ्याची असेल.
"जुन्यात हा फुकट मिळायचा," ती म्हणाली.
"वाईट म्हणून आपण काढून टाकला.
झोका थांबायला कुठेतरी घासायला लागतं."
एक मोठा कपॅसिटर, पॉलिमरचा, त्याच्या मागे हा दाणा.
डाग दिला. फुंकर मारली. फुंकर गोठली.

उणे एकतीस.
रेघ.
नुसती रेघ, आणि तिच्यावर
धरायचंच म्हटलं तर चार मिलिव्होल्टचं लव.

वहीतली अकरा पानं फाडावीशी वाटली. फाडली नाहीत.
प्रत्येकाखाली लिहिलं: आपणच.

रात्री आईला फोन लावला, हेडफोन त्याला टेकवला.
"काही ऐकू येत नाही," ती म्हणाली.
"थांब."
आम्ही दोघं थांबलो. बराच वेळ.
तिच्याकडे फ्रिज सुरू झाला, बंद झाला.
मग कुठेतरी खूप लांब
कोरडा पाव मोडल्यासारखं
एकदाच.
"हे काय होतं?" तिने विचारलं.
मी पाऱ्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं,
वायर किती लांब आहे तेही पाहिलं,
आणि म्हटलं, "अजून माहीत नाही."