दोन बोटं

फर्मागुडीला नाईट टूर्नामेंट, टेनिस बॉलची.
माझ्या मशीनवर सहा निळे स्कर्ट.
मीटिंग आटपून केंकरे दुकानात आले :
"गुडघ्याखाली दोन बोटं हवीत, मास्तर.
आपली काही संस्कृती आहे."
बोटं कुणाची धरू, विचारलं.
त्यांनी आपली पुढे केली,
जाडजूड, तपकिरीनं माखलेली.

लिझेट ट्रायलला आली सांकवाळहून, स्कूटरवर.
आरशासमोर एक पाय झटकून वर नेला :
"सिक्सर बसली की असं.
मग ती दोन बोटं जातात कुठं?"
माझ्या तोंडात टाचण्या.

उरलेल्या चिंध्या ज्या खणात टाकल्या
तिथंच तळाशी पितळी चाळ आहेत,
आईच्या मावशीचे.
दर सोमवारी सभामंडपात ती नाचायची.
केंकऱ्यांचे आजोबा समई पुढे सरकवून बसत.
तेव्हा कापड कुणी मोजलं नाही.
आडनाव तेवढं दिलं नाही.

फायनलला केंकरे पहिल्याच रांगेत.
दुसऱ्या ओव्हरला सिक्सर,
सहा पाय वर,
आणि मी मुद्दाम घातलेला कच्चा टाका
उसवत गेला, आवाज न करता.

जादा कापडाचं बिल
कमिटीनं अजून दिलेलं नाही.