भिंतीत अजून ऊन

नेरूळच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर
मी उष्णता शिकवते
बावीस अंशांवर लावलेल्या एसीत.
सेकंड इयर, एकोणचाळीस मुलं,
त्यातल्या तिघांच्या अंगावर मे महिन्यात स्वेटर.

ओल्या फडक्याचा थर्मामीटर गोफणीसारखा फिरवते.
पूर्वी एकदा तो हातातून सुटून फळ्यावर फुटला होता,
ती कथा दरवर्षी खालच्या बॅचला पोचते,
म्हणून पहिलं बाक रिकामं असतं.

फळ्यावर आरामाचा पट्टा काढला,
जरासा वाकडा, केळ्यासारखा.
या केळ्याच्या आत माणूस सुखी, म्हटलं.
वेदांग म्हणाला, मॅडम, आपली नवी मुंबई
केळ्याच्या बाहेर पडलीये.
मुलं हसली. मीही हसले, आणि पुढचा आलेख काढला.

गृहपाठ दिला:
आपल्या घराची पश्चिमेची एक भिंत,
चोवीस तास, दर तासाला आतून तापमान,
आणि शेवटी एक रकाना, निरीक्षणं.

आले कागद.
बहुतेकांच्या रेषा इतक्या गुळगुळीत
की कळलं, रात्रभर कुणी जागलं नाही.
पामबीच रोडच्या ईशाननं लिहिलं,
आमच्याकडे पश्चिमेला भिंतच नाही, काच आहे,
पडदे आईनं बंद ठेवलेत, ते मोजू का?

प्रणोती शेलारची वही उघडली
आणि मला शिंका आल्या, लागोपाठ चार.
पानापानांत मिरचीचा खकाणा.
कोपरखैरणे, माथाडींची चाळवजा इमारत, सगळ्यात वरचा मजला,
नऊ इंची वीट, बाहेरून गिलावा, रंग उडालेला.
रात्री एकपर्यंत तिचं तिरकं निळं अक्षर.
दोन, तीन, चार मात्र पेन्सिलीनं,
प्रत्येक अक्षराला वेगळी शिरोरेघ,
आकड्यांपुढे ना अंश, ना दशांश.
३६. ३६. ३५.
आणि निरीक्षणांच्या रकान्यात:

पोर झोपली.

भिंतीत अजून ऊन हाय.

नळ आला. निघते.

अकरा वर्षं मी टाइम लॅग शिकवतेय.
एकदा मराठीत सांगावं म्हणून कालविलंब असा शब्द केला,
तो फळ्यावर उभा राहिला
तहसीलदाराच्या शेऱ्यासारखा,
आणि मुलांनी मुकाट उतरवून घेतला.
ऊन खाडीपलीकडे बुडालं की दिवस संपतो
असं मीच कुठेतरी धरून चालले होते.

लाल पेननं सवयीनं लिहिलं, एकक लिहा.
मग ते खोडलं.
खोडलेलं जास्तच दिसू लागलं.

पुढच्या तासाला एसी बंद केला.
खिडक्या रंगानं चिकटलेल्या, सातांतली एक उघडली,
तीही शिपाई भाऊरावांनी स्क्रूड्रायव्हर घालून.
उदबत्ती लावली.
धूर आधी सरळ उभा राहिला, जसा वर्गात नवा मुलगा,
मग दाराकडे वळला, आणि बाहेर लिफ्टच्या पोकळीत गेला.
स्वेटर उतरले. कुणीतरी वहीनं वारा घेऊ लागलं.

रीडिंग कुणी घेतलं, प्रणोती?
मीच.
मग खाली बघून: दोन ते चार आईनं.
मला जाग नाही आली. ती तशीही उठते,
मसाला मार्केटात देठ खुडायला पाचला उभं राहावं लागतं.
मार्क कापणार का?

मी म्हटलं, बघते.

रात्री सानपाड्यात, गुणांचा रकाना कोरा,
मुलगा आत एसीत झोपलेला,
मी हॉलमधे पश्चिमेच्या भिंतीला तळवा लावून उभी.
पावणेतीन.
अकरा वर्षं राहते इथे,
हात कधी लावला नव्हता.

आमच्याच कॉम्प्रेसरचा गरम श्वास
खालच्यांच्या ग्रिलवर
टप टप पाण्यासकट पडत होता.