चावी

फोंड्यात, सायकलच्या दुकानावरच्या माडीवर
आम्ही पाच जण. भाडं साठ रुपये.
सरकार नको, यावर पहिल्याच गुरुवारी एकमत झालं.
त्यानंतर कशावरच नाही.

दारावर गुरुदास मास्तरांना ‘अराज्यवादी’ लिहायचं होतं.
वैकुंठ म्हणाला, वाद आला की पक्ष आला,
पक्ष आला की खजिनदार.
पाटी कोरीच टांगली.
खालचा सायकलवाला समजत राहिला
की आम्ही अजून उघडलेलो नाही.

इनास फुर्ताद खनिजाच्या बार्जवर होता,
कानांमागे लाल धूळ, आंघोळीनंतरही.
त्याचं सरळ होतं : बार्ज खलाशांची, जेटी हमालांची,
युनियन पुरे, बाकीचं जुवारीत बुडवा.
वैकुंठला युनियनही नको.
तो चटईवर बसत नसे, कारण चटई सगळ्यांची.
हात वर करायची वेळ आली की गॅलरीत जाऊन विडी ओढी.
विडी इनासच्या खिशातली.

मास्तरांनी एकदा चाळीस पानं लिहून आणली.
राजे येत होते, जात होते, आणि आपली गावकरी चालू होती.
बांध सगळ्यांनी घालायचा,
मानस भरतीला मिटायची, ओहोटीला उघडायची,
हुकूम नाही, शिपाई नाही.
‘बाहेरून काय आणता? हे मडकईच्या चिखलात आहे!’
वाचताना त्यांचा आवाज भरून आला.
मलाही, खरं सांगतो, काहीतरी झालं.

शेवंती गावडे दाराशी बसायची,
शेवटची बस साडेसातची म्हणून.
‘मास्तर, तो चिखल कोणें काडलो?’
मग थोडं थांबून,
‘म्हज्या आज्यान. ताका जोण केन्नाच मेळ्ळी ना.
वहींत नांव ना ताचें.’

मास्तरांनी चाळिसावं पान दुमडलं.
इनास म्हणाला, तेच तर.
वैकुंठ म्हणाला, तेच तर.
दोघांच्या मध्ये एक अख्खी जुवारी.

मग चावी कोणाकडे, यात तीन गुरुवार गेले.
चावी ज्याची तो मालक, वैकुंठ.
आळीपाळीनं, इनास.
कुलूपच नको, मास्तर;
पण पंखा त्यांच्या घरचा होता, तो गेला असता.
शेवंती यायची बंद झाली.
चावी माझ्याकडे राहिली,
कारण मी काहीच बोललो नव्हतो.

परवा मडकईला गेलो. बांधाला भगदाड पडलेलं.
मानशीची पावणी ज्यानं घेतली तो काठावरून ओरडत होता,
असं नाही, तसं.
खाली सात बायका, पोटरीभर चिखलात,
कोणीच वर बघत नव्हतं.
‘आयलो? चप्पल काड,’ शेवंती म्हणाली.
केस पांढरे झालेत तिचे.

मी चावीचं सांगितलं, अजून आहे म्हणून.
ती हसली.
‘कुलूप हांवें व्हेल्लें त्याच वर्सा.
कोंब्यांच्या गुडाक लायलां.
उगडेंच आसता, चावी तुजेकडेन न्हय रे.’

आणि चिखलाची पाटी माझ्या हातात दिली.
भरतीला अजून तासभर होता.