माझा नव्हे

अठ्ठावीस वर्षं मी या गावातलं पाणी मोजतो.
म्हणजे नळाचं.
समुद्र आपला हिशेब स्वतःच ठेवतो,
दर हिवाळ्यात धक्क्याची एखादी पायरी
व्याजापोटी घेऊन जातो.

जाळीवाल्यांची गल्ली, घर नंबर दोन ते अठरा:
शून्य. शून्य. एक, ती गळती. शून्य.
दारं नव्या निळ्या रंगाची, कड्या पितळी,
किल्लीची पेटी लिंबाच्या कुंडीमागे.
ऑगस्टात हेच मीटर भोवऱ्यासारखे फिरतात.
माणसं येतात, अंगावरची वाळू धुतात, जातात.

नंबर वीस: तीन घनमीटर. दर महिन्याला तीनच.
एर्मेलिंडा, वय एक्क्याऐंशी.
"मोजलंस? मग बस," म्हणते,
आणि तारल्यांच्या जुन्या डब्यात उगवलेली
कोथिंबीर खुडून सूपमध्ये टाकते.
डाव्या अंगठ्याला नख नाही.
डोकी उडवायची कात्री, सत्तावन्न साल,
तेव्हा ती चौदाची.

अकरा कारखाने होते, सांगते. अकरा भोंगे.
पिन्यालचा हंबरायचा गाभण गायीसारखा,
व्हिएगासचा किरटा, उपाशी पोरासारखा.
होड्या रात्री दोनला लागल्या तर दोनला.
पोर अंगावर पीत असलं तरी
आपला भोंगा झोपेतही ओळखून बाई उठायची.
भिंतीपलीकडची शेजारीण कूस बदलायची नुसती,
तिचा तो नव्हता.

चांगले दिवस होते का?
हसते. "वास जायचा नाही रे.
नाचाच्या रात्री औषधवाल्याचा मुलगा
माझ्यापासून दोन पावलं लांब नाचला.
अख्खं गाणं."

खाडीपलीकडे मिठागरं. त्यांवर आता लाकडी पूल,
दुर्बिणी, पक्ष्यांच्या नावांच्या पाट्या.
फ्लेमिंगो तेव्हाही यायचे.
पाठीवर मीठ असताना
मान वर करून कोण बघणार?

पिन्यालचं हॉटेल झालं. चिमणी राखली,
चिमणीवरचे करकोचेही राखले, ते बरं झालं.
एर्मेलिंडाचा नातू तेल्मो तिथं चाकांच्या बॅगा ओढतो,
पगार वेळेवर, दात पांढरेशुभ्र.
मार्चमध्ये उद्‌घाटन. फीत, महापौर,
वारशावर बावीस मिनिटं भाषण.
मग कुणाच्या तरी डोक्यात आलं,
जुना भोंगा वाजवू या.

सव्वाचार. मी चौदा नंबरपाशी गुडघ्यावर,
मीटरच्या काचेवरचा गंज पुसत.
तो हंबरला.

वीसचं दार उघडलं.
समोरचं, सत्तावीसचं.
मग वरच्या आळीतलं एक.
देओलिंडा, जिला दोन वर्षं
पोटच्या लेकीचं नाव सापडत नाही,
चालता चालता एप्रन बांधत होती,
मागची गाठ, न बघता.
सत्तावीसची फिलोमेना उंबऱ्यात थबकली.
मान तिरपी करून ऐकलं.
"माझा नव्हे," म्हणाली, आणि आत गेली.

दोघी उतारावरून निघाल्या,
लगबगीनं, भिंतीच्या कडेकडेनं,
जशा तेव्हा अंधारात जात असणार.
मी मागोमाग. का, माहीत नाही.
दारात तेल्मो, सोनेरी बटणांचा.
पाहुण्यांच्या हातात पेले, कुणी फोटो काढला.
देओलिंडानं त्याला विचारलं,
"आज किती टोपल्या?"

पोरगं गोंधळलं. आजीकडे बघितलं.
आजी बोलली नाही.
मग तो म्हणाला, अगदी मुकादमाच्या सुरात,
कुठून आणला तो सूर कोण जाणे,
"होड्या रिकाम्या आल्या, बाई. आज काम नाही."
देओलिंडानं सुस्कारा टाकला,
एका दिवसाची मजुरी बुडाल्याचा,
आणि गाठ सोडली.

एप्रिलमध्ये नंबर वीस: चार घनमीटर.
मी गळती शोधली. नव्हती.
"एप्रन धुतला," एर्मेलिंडा म्हणाली,
"पेटीतला. तीनदा."
दोरीवर तो वाळत होता, वाऱ्यानं फुगलेला.
"बघ तरी जवळ जाऊन.
गेला का?"