सालांच्या पाट्या

अलास्काहून परतून आज नऊ दिवस झाले.
रुवैसमध्ये ऑगस्ट आहे, म्हणजे
दार उघडलं की चष्म्यावर धुकं,
आणि अंघोळीला गार पाणी हवं तर
गीझर बंद ठेवून त्यातलं घ्यायचं.
हे इद्रिसला सांगावं लागत नाही,
त्यालाही इथं एकोणीस वर्षं झाली.
त्याला सांगावं लागतं बर्फाचं.

"कसा असतो?" शिफ्ट सुटताना त्यानं विचारलं,
हेल्मेटचा वळ कपाळावर तसाच.
मी म्हटलं, निळा.
त्याला वाटलं, थापा मारतोय.

खरंच निळा होता.
हेमांगी म्हणाली, नीळ जास्त पडलेल्या धोतरासारखा.
उसन्या जाकिटाच्या बाह्या दोनदा दुमडून
ती नुसती बघत उभी होती
आणि मी फोटो काढत होतो, एकशे बारा,
त्यातले शंभर धूसर.

रात्री अकराला ऊन.
काड्यापेटी हातात धरून ती खिडकीशी बसली,
सूर्य बुडाला की दिवा लावू म्हणत,
आणि तशीच झोपली, बसल्या बसल्या.

अस्वल पाहिलं, लांबून, काळा ठिपका.
सामन मासे पाहिले, उलट्या पाण्यात उड्या मारणारे.
डास तर असे, की खाडीकाठचे आपले डास
त्यांच्यापुढे पाहुण्यासारखे वाटावेत.

मग ती वाट.
केल्सी नावाची पोर पुढे, बाविशीची,
आणि वाटेच्या कडेला लाकडी पाट्या,
पाटीवर फक्त साल.
त्या साली हिमनदी इथवर होती.

पहिली पाटी गाडीतळापाशीच, झुडपात.
वडिलांच्या जन्माची पाटी उंच झाडांच्या सावलीत.
अठ्ठ्याण्णवपाशी हेमांगी थांबली.
"तू रुवैसला उतरलास ते साल."
चौकटीवर पोराची उंची मोजावी
तसा तिनं पाटीवर तळवा ठेवला.
बर्फ अजून कुठंच नव्हता.

पुढे नुसते दगड.
दोन हजार पाच, चिन्मय झाला.
दोन हजार दहा, नवी लाइन सुरू झाली, बोनस मिळाला,
याच सहलीचे पहिले पैसे त्यातलेच.
पाणी वाहत होतं, राखाडी, घाईत,
दुधात राख कालवल्यासारखं.

"तुम्ही काय करता तिकडे?" केल्सीनं विचारलं.
हेमांगीनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, व्हॉल्व्ह सांभाळतो.
कसले, ते तिनं विचारलं नाही.
चांगली पोर.
तिनं मला हात दिला, शेवटच्या चढावर.

"हात लावलास?" इद्रिसनं विचारलं.
लावला. भाजल्यासारखं झालं.
"मग इथल्यासारखंच," तो म्हणाला,
आणि बसकडे पळाला.

आता रात्रीचे अकरा.
बाल्कनीतून फ्लेअर दिसतो,
सव्वीस वर्षांत मी त्याला विझलेला पाहिला नाही,
विझला तर मलाच बोलावतील.
आत देवापुढचा दिवा कधीच लावून झालाय,
इथं वेळेचा घोळ नाही.

एसीच्या नळीखाली बादली आहे.
टप. टप. मग बराच वेळ काही नाही. टप.
भरली की कढीपत्त्याला ओतायची.
आज लवकर भरली, हेमांगी म्हणते,
बादली उचलते, कडेवरून थोडं सांडतं,
"हवा दमट आहे ना," म्हणते,
आणि मी हो म्हणतो.