चाखून बघ

रोज सकाळी बोटीच्या तळात
चहाच्या पेल्याएवढं पाणी.
फार नाही. स्पंजाने टिपलं की संपतं.
पण रोज.

मी आठवडाभर शाफ्टशी भांडले,
इंजिनाशेजारी पालथी पडून पाना फिरवला,
नट सोडला, ग्रीस भरलं, नट आवळला.
रात्री देवबागच्या खोलीत उशीला डिझेलचा वास
आणि सकाळी पुन्हा तेवढाच पेला.

बोट नवी नाही, माझ्याकडे नवी.
पणजीच्या कुणा डॉक्टरांची, अकरा वर्षं नुसती उभी.
बँकेतून सुटताना मिळालेल्या पैशांत
लोक गच्चीवर खोली काढतात,
मी शिडाची होडी आणून कर्लीच्या पाण्यात नांगरली.
नवऱ्याने विचारलं, हिचा उपयोग काय?
मी म्हटलं, काही नाही. म्हणून तर.

शेवटी गुणाजी मेतर आले.
त्यांचे वडील कलाफत करायचे,
फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर चंद्रूस आणि तेल.
या फायबरच्या होडीकडे काका
जावयाच्या मोटारीकडे बघावं तसे बघतात.
वाकले, तळात बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"चाखलंस काय?"
नाही.
"गोडां. दर्याचां न्हय. वरसून येता."

वरून? मार्गशीर्ष सरत आलेला,
आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं.
काकांनी डेकवरून हात फिरवला
आणि तळवा माझ्यापुढे धरला. ओला.

दहिवर.
रात्रभर साचणारं, पहाटे ओघळ धरणारं,
केसाएवढ्या फटीतून आत उतरणारं.

"पडता खंय ता बघू नको. शिरता खंय ता बघ."
कारण पाणी सरळ येत नाही.
अस्तराच्या मागून चालतं, वायरीला लोंबकळतं,
डावीकडून शिरून उजवीकडे, पार मागे टपकतं
आणि साळसूदपणे इंजिनावर आळ घालतं.

मग निळीची पुडी. बादलीत कालवलेलं निळं पाणी,
आत अंथरलेली वर्तमानपत्रं.
खालून वर जायचं, काका म्हणाले.
वरून ओतलंस तर सगळीच भोकं भिजतील
आणि सगळीच कबूल होतील.
खिडकीची चौकट. पाव तास थांबलो. काही नाही.
कठड्याचे पाय, एकेक करून. काही नाही.
डोलकाठीचं बूड. थर्मासातला चहा संपला. काही नाही.

तीनच्या सुमारास मी आत उताणी, टॉर्च दातांत,
आणि अस्तराच्या कडेने
एक निळा धागा खाली आला.

वर तिथे एक पितळी मूठ होती.
केबिनच्या भिंतीला, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर.
मी ती कधी धरली नव्हती, मोठ्यांनी धरावी अशी नव्हतीच.
दोन स्क्रू, घाईत मारलेले, खाली लुकणसुद्धा नाही.
"पोराक लायलेली आसतली," काका म्हणाले.
कुणाचं पोर, केवढं, आता केवढं,
विक्रीच्या कागदांत तसलं काही लिहीत नाहीत.

मूठ काढली. भोकांतून चहापत्तीसारखं
कुजलेलं लाकूड निघालं. टोकराने खरवडलं,
दोन दिवस ऊन दिलं, इपॉक्सी भरलं.
मी विचारलं, भोकं कायमची बुजवूनच टाकूया का?
काका काही बोलले नाहीत,
चिंच घेऊन पितळ घासत बसले.

सीलंटची वळी फिरवली, मूठ बसवली.
"पुरतो आवळू नको. अर्धो आवळ, रात जावंदे.
एकदम आवळलंस तर सगळां भायर येतला,
मधी काय रवाचां नाय."

तीन सकाळी तळ कोरडा.
वर्तमानपत्र कोरडं, त्यातलं शब्दकोडं
अर्धं सुटलेलं, तसंच.

चौथ्या दिवशी चमचाभर पाणी.
मी बोट बुडवलं, चाखलं.
खारट.
शाफ्टपाशी, त्याच नटाखाली
जो बरा होता,
मी सोडून पुन्हा आवळेपर्यंत.