तोंडाकडची झीज

बशारत मिस्त्रीने माझं नाव विचारलं नाही, परवाना विचारला.
मग सुतळी सोडून गोणपाट बाजूला केलं,
बोल्ट काढून फडक्यावर ठेवला
आणि नळी धरली दाराकडे,
गोंदियाच्या त्या अकरा वाजताच्या उजेडाकडे
जिथे समोर एक म्हातारा उकडलेले शिंगाडे विकत होता.
एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.
डॉक्टर घशात बघतो तसं. मीच आवंढा गिळला.

"तीनशे पंधरा बोर. ईशापूरची.
बोल्टचा अन् नळीचा नंबर एकच हाय,
अर्धी किंमत तर इथंच असते.
दस्ता अक्रोडाचा. वरून वार्निश फासलं नाई कोनी,
चांगलं केलं."

जवसाचं तेल, मी म्हटलं. दर पोळ्याला, दर होळीला.
आमच्याच वावरातलं जवस, घाण्यावर समोर बसून काढलेलं.

गालाची जागा त्याने अंगठ्याने चाचपली.
तिथलं लाकूड काळं, मऊ,
रोज कोणी टेकत असल्यासारखं.

घरी कपाटात कापसाच्या बोळ्यात दोन सुळे होते.
पाहुणे आले की निघायचे,
आणि त्यांच्यामागून निघायचा नागझिऱ्याच्या अलीकडचा नाला,
पुनवेचं चांदणं, धानात शिरलेलं डुक्कर.
माझ्या दुसरीत ते कमरेएवढं होतं,
मॅट्रिकला गोऱ्ह्याएवढं.
जावई आले तेव्हा बाबांनी
त्याला नाल्यापलीकडून पळत आणलं, थेट अंगावर.

"पीळ पाहा," म्हणत मिस्त्रीने नळी माझ्या हातात दिली.
आत एक गोल जिना, लखलखीत,
फिरत फिरत लहान होत गेलेला,
आणि टोकाला रुपयाएवढा शिंगाड्यांचा ढीग.

"धार कोरी हाय. पन्नास वर्सात
दहा गोळ्या नसतील गेल्या.
बरं, तुमच्यासाठी पंधरा."

मग किंमत चांगली येईल?

"थांबा. आता तोंड पाहा."
नळीच्या ओठावरून त्याचं तेलकट बोट फिरलं
आणि एका जागी अडलं.
"इथं घासलं. भोक लांबोडं झालं.
गोळी असं खात नाई. हे गजाचं काम.
समोरून घालत होते ना ते गज?"

समोरूनच.
शनिवारी, बाजारातून आल्यावर,
खाटेवर बसून, पिशवीतली भाजी तशीच ठेवून.
आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी,
आधी रॉकेल, मग तेल, मग कोरडी,
चिंधी पांढरी निघेस्तोवर.
आम्हाला हात लावायची सोय नव्हती.
आई चुलीपासून म्हणायची,
माही नाडी त कधी असी पाह्यली नाई.

"पुसून पुसून झिजली," मिस्त्री म्हणाला,
"गोळी आता वीतभर डावीकडं जाईल.
तोंड सूतभर कापून नवं करून देतो, मग पंचेचाळीस हजार.
अशीच विकाल त तीस,
तेही परवानावाला गिऱ्हाईक भेटला त.
ठेवायची असंल त गोनपाट फेका, वल धरते.
अन् गज मागून घाला, बोल्ट काढून."

सुळ्यांचं मी विचारलं नाही.
सुळे तेव्हा आठवडी बाजारातही मिळायचे.
चहाचे पैसे त्याने घेऊ दिले नाहीत,
बघण्याचे दोनशे मात्र मोजून घेतले.

झेडपीची आचारसंहिता लागलेली,
म्हणून तिथून तशीच ठाण्यात.
हवालदार कार्बन घालून लिहीत होता:
रायफल एक, जुनी. काडतुसे निरंक. स्थिती...
पेन थांबलं. "काय लिहू?"
पुसलेली, मी म्हटलं.
त्याने 'ठीक' लिहिलं.

मालखान्यात जप्तीच्या सायकली, दारूचे कॅन,
भिंतीला कमरेपर्यंत चढलेली ओल.
गोणपाट काढून ठेवा, मी म्हटलं,
आणि गज घालायचा झाला तर मागून.

तो कुलूप शोधत होता.
"बाई," म्हणाला, "इथं कोन गज घालते?"